कोंबड्यांची घरघर : मायकोप्लाझ्मा रोगाची ओळख व बंदोबस्त

वैनगंगेच्या तीरावर, भंडारा शहरासमोर वसलेल्या कारधा गावी आणि त्याच्या आसपासच्या धानपट्ट्यात क्वचितच असे घर आढळेल की ज्याच्या अंगणात पाच-दहा कोंबड्या चरत नाहीत. धानाचे पीक वर्षातून एकदा पैसा देते. कोंबडी मात्र आठवड्याच्या बाजाराला मीठमिरचीचा खर्च भागविते, मुलांच्या ताटात अंडे घालते आणि अडीअडचणीच्या वेळी विकताही येते. हा व्यवसाय बहुतांशी घरातील स्त्रियांच्या हाती असतो व त्याचा पैसाही त्यांच्याच हाती येतो. म्हणून कोंबड्यांचा रोग ही लहानसहान बाब समजून तिच्याकडे दुर्लक्ष करणे योग्य नव्हे.

कोंबड्यांचे काही रोग असे आहेत की ते वादळासारखे येतात आणि एका रात्रीत खुराडे रिकामे करून जातात. अशा रोगांची सर्वांनाच धास्ती असते. प्रस्तुत पाठात ज्या रोगाचा विचार करावयाचा आहे तो याच्या अगदी उलट स्वभावाचा आहे. तो मुकाट्याने येतो, पक्ष्यांस सहसा एकदम मारीत नाही, आणि एकदा शिरला म्हणजे सहजासहजी जात नाही. पक्षी खातो, पितो, हिंडतो. परंतु रात्री खुराड्याजवळ कान दिल्यास घरघर ऐकू येते. अंडी कमी होतात, पिले खुरटतात, खाद्य खर्ची पडते पण वजन वाढत नाही. या रोगास दीर्घकालीन श्वसनरोग असे म्हणतात. कुक्कुटपालक त्यास ‘सी. आर. डी.’ या नावाने ओळखतात. टर्की पक्ष्यांत हाच रोग डोळ्यांखालील सुजेच्या रूपाने प्रकट होतो.

रोगाचे कारण

हा रोग मायकोप्लाझ्मा गॅलिसेप्टिकम नावाच्या अतिसूक्ष्म जंतूमुळे होतो. मायकोप्लाझ्मा वर्गातील जंतू हे स्वतंत्रपणे वाढू शकणाऱ्या जीवांपैकी सर्वांत लहान होत. त्यांचे वैशिष्ट्य असे की, इतर जंतूंच्या शरीराभोवती जी कठीण भित्तिका असते ती यांस नसते. ही गोष्ट केवळ शास्त्रज्ञांच्या कामाची आहे असे समजू नये. तिचे दोन परिणाम शेतकऱ्याने जाणून घेतले पाहिजेत.

पहिला परिणाम असा की, पेनिसिलिनसारखी औषधे जंतूची भित्तिका मोडून त्यास मारतात. जेथे भित्तिकाच नाही तेथे असे औषध काय करणार? म्हणून या रोगात पेनिसिलिन व त्या जातीची औषधे निरुपयोगी ठरतात. दुसरा परिणाम असा की, भित्तिका नसल्यामुळे हा जंतू पक्ष्याच्या शरीराबाहेर फार काळ तग धरीत नाही. ऊन, कोरडेपणा, चुना व नेहमीची जंतुनाशके त्याचा सहज नाश करतात. पक्ष्याच्या शरीरात हट्टी आणि बाहेर दुबळा, असा हा शत्रू आहे. त्याच्याशी कसे लढावे याचे मर्म याच एका वाक्यात आहे.

या जंतूचे काही भाऊबंदही आहेत. मायकोप्लाझ्मा सिनोव्ही हा कोंबडी व टर्की या दोहोंच्या सांध्यांत व श्वसनमार्गात रोग उत्पन्न करतो. मायकोप्लाझ्मा मेलिॲग्रिडिस हा केवळ टर्कीचा जंतू असून मायकोप्लाझ्मा आयोवी हाही मुख्यतः टर्कीच्या अंड्यांतील गर्भ मारतो.

थोडा पूर्वेतिहास

मायकोप्लाझ्मा वर्गाचा पहिला जंतू फ्रान्समध्ये नोकार, रू व त्यांचे सहकारी यांनी १८९८ साली गुरांच्या फुप्फुसदाहाच्या साथीत शोधून काढला. टर्कीमधील रोगाचे वर्णन १९०५ साली इंग्लंडमध्ये डॉड यांनी केले. कोंबड्यांच्या जुनाट सर्दीत आढळणाऱ्या सूक्ष्म कणांचा अभ्यास अमेरिकेत नेल्सन यांनी १९३५ च्या सुमारास केला, आणि १९४३ साली डेलाप्लेन व स्टुअर्ट यांनी ‘दीर्घकालीन श्वसनरोग’ हे नाव प्रचारात आणले. हे कण गुरांच्या फुप्फुसदाहाच्या जंतूच्या कुळातील आहेत हे १९५२ साली मार्कहॅम व वाँग यांनी दाखविले आणि १९६० साली एडवर्ड व कनारेक यांनी त्यास आजचे नाव दिले. ज्या काळात कोंबडीपालन अंगणातून मोठ्या घरांत गेले व हजारो पक्षी एकत्र ठेवले जाऊ लागले, त्याच काळात या रोगाचे महत्त्व लोकांच्या ध्यानी आले, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. गर्दी व कोंदट हवा यांशी या रोगाचे जवळचे नाते आहे.

रोगाचा प्रसार कसा होतो

हा रोग दोन वाटांनी पसरतो.

पहिली वाट अंड्याची. रोगी मादीच्या अंड्यातून जंतू पिलात उतरतो. अशा मादीचे प्रत्येक अंडे दूषित असते असे नाही. संसर्ग नवा असताना, पहिल्या एक-दोन महिन्यांत, दूषित अंड्यांचे प्रमाण अधिक असते. पुढे ते कमी होते, परंतु संपत नाही. शंभर पिलांत दोन-चार पिले जरी जन्मतःच दूषित असली, तरी उबवणी यंत्रात व पिलांच्या पेटीत ती इतरांस रोग देण्यास पुरेशी होतात. वरून ठणठणीत दिसणाऱ्या कोंबडीखाली अंडी बसविली आणि सर्व पिले दोन-तीन आठवड्यांची होताच शिंकू लागली, असा अनुभव पुष्कळांस येतो. त्याचे कारण हेच होय.

दुसरी वाट संपर्काची. शिंकेतून उडणारे तुषार, नाकाचा स्राव लागलेले पाण्याचे भांडे, एकाच खुराड्यातील गर्दी यांमुळे रोग एका पक्ष्याकडून दुसऱ्याकडे जातो. संसर्गानंतर साधारणतः ६ ते २१ दिवसांत लक्षणे दिसतात. परंतु काही पक्षी लक्षणे न दाखविता रोग बाळगून असतात. थंडी, प्रवास किंवा अंडी घालण्याचा प्रारंभ असा ताण पडला म्हणजे दडलेला रोग उफाळून येतो.

माणूसही हा जंतू वाहून नेतो. प्रयोगांत असे आढळले आहे की, कोंबडीच्या विष्ठेत हा जंतू २० अंश सेल्सिअस तापमानास एक ते तीन दिवस, सुती कापडावर सुमारे तीन दिवस, तर अंड्याच्या बलकात त्याच तापमानास सहा आठवड्यांपर्यंत जिवंत राहतो. यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. एक, दुसऱ्याच्या कोंबडीघरातून आलेल्या माणसाने हातपाय धुऊन व कपडे बदलूनच आपल्या पक्ष्यांत जावे. दोन, फुटलेली अंडी व उबवणीतील टरफले उकिरड्यावर न टाकता खोल पुरावीत.

कारध्यासारख्या गावात प्रसाराच्या काही वाटा विशेष ध्यानात ठेवाव्या लागतील. हे गाव नागपूरहून रायपूरकडे जाणाऱ्या वाटेवर आहे. पक्षी, पेट्या व खाद्याची पोती यांची ये-जा अशा ठिकाणी सोपी असते. दिवाळीनंतर मंडईच्या दिवसांत घरोघरी पाहुणे येतात. त्यांच्यासाठी बाजारातून आणलेल्या कोंबड्यांपैकी एखादी उरते आणि ती सहजच घरच्या खुराड्यात सोडली जाते. रोगास घरात आणण्याची याहून सोपी रीत दुसरी नाही. तसेच नदीकाठच्या गावांत पुराच्या वेळी अनेक घरांचे पक्षी उंचवट्यावर एकाच छपराखाली कोंडावे लागतात. २०२० सालच्या ऑगस्टअखेरच्या महापुराने भंडारा जिल्ह्यातील नदीकाठास जो फटका दिला तो सर्वांच्या स्मरणात आहे. अशा प्रसंगी पक्षी वाचविणे हेच प्रथम कर्तव्य होय. परंतु पूर ओसरल्यावर महिनाभर त्यांच्या श्वासाकडे लक्ष ठेवावे आणि त्या काळात अंडी उबविण्यास बसवू नयेत.

कोंबड्यांतील लक्षणे

प्रारंभी नाकातून पातळ स्राव येतो, पक्षी शिंकतो, डोके झटकतो. डोळ्यांत फेस दिसतो. पुढे श्वासाबरोबर घरघर ऐकू येऊ लागते. दिवसा गोंगाटात ती कळत नाही, म्हणून रात्री पक्षी निजल्यावर खुराड्याजवळ पाच मिनिटे शांत उभे राहून ऐकावे. ही अगदी साधी परंतु फार उपयोगाची चाचणी आहे. मांसासाठी वाढविलेल्या पक्ष्यांत चौथ्या आठवड्यापासून रोग विशेष दिसतो. वजन भरत नाही व पक्षी लहानमोठे होतात. अंड्यावरील पक्ष्यांत मृत्यू थोडे होतात, पण अंडी घटतात. रोगी कोंबडी निरोगी कोंबडीपेक्षा वर्षाकाठी साधारण १० ते २० अंडी कमी देते असे अभ्यासांतून दिसून आले आहे.

हिशेब करून पाहू. समजा, एखाद्या बचत गटातील पाच भगिनींकडे मिळून २५ कोंबड्या आहेत व प्रत्येकीमागे वर्षाला १५ अंडी कमी झाली. म्हणजे ३७५ अंडी गेली. एकही कोंबडी मेली नाही, म्हणून नुकसान झाले असे कोणास वाटतही नाही. याखेरीज न फुटलेली अंडी, खुरटलेली पिले व औषधाचा खर्च वेगळाच.

एकटा मायकोप्लाझ्मा सहसा सौम्य असतो. खरी हानी तो दुसऱ्या रोगांस दार उघडून देतो त्यामुळे होते. श्वासनलिकेच्या आत सूक्ष्म केसांसारखे तंतू असतात. ते धूळ व जंतू बाहेर ढकलतात. मायकोप्लाझ्मा या तंतूंची हानी करतो. मग विष्ठेतून हवेत उडणारे ई. कोलाय जंतू आत खोलवर शिरतात, आणि जोडीला राणीखेत किंवा संसर्गजन्य श्वासनलिकादाह यांचा विषाणू असल्यास रोग उग्र रूप धारण करतो.

मेलेला पक्षी उघडून पाहिल्यास श्वासनलिकेत चिकट स्राव, आणि एरवी स्वच्छ काचेसारख्या पारदर्शक असणाऱ्या वायुकोशांवर धूसर पडदा किंवा पिवळसर, दह्याच्या कवडीसारखा साका दिसतो. ई. कोलायची भर पडली असल्यास हृदय व यकृत यांवरही पांढरट पापुद्रा चढलेला असतो. शवविच्छेदन मात्र पशुवैद्यकाकडूनच करून घ्यावे. पक्षी एकाएकी व मोठ्या संख्येने मेले असतील तर ते कोणीही घरी उघडू नयेत.

टर्कीमधील लक्षणे

टर्कीस हा रोग कोंबडीपेक्षा अधिक जाचतो. डोळ्यांच्या खाली व पुढे असलेल्या पोकळ्या स्रावाने भरून फुगतात. सूज कधी इतकी वाढते की डोळा मिटून जातो. पक्ष्यास खाद्य दिसत नाही व तो उपासमारीने खंगतो. स्राव प्रथम पातळ असतो, पुढे घट्ट होतो. पातळ असताना पशुवैद्यक तो सुईने काढू शकतात. घट्ट झाल्यावर उपाय अवघड होतो.

टर्कीच्या पिलांत मेलिॲग्रिडिस जंतूमुळे वायुकोशांचा दाह, खुरटलेली वाढ व पायांची वाकडी हाडे आढळतात. हा जंतू नराच्या वीर्यातूनही मादीकडे जातो. म्हणून पैदाशीचा नर निरोगी कळपातीलच असावा.

कोंबड्या व टर्की एकत्र पाळू नयेत. वरून निरोगी दिसणारी कोंबडी टर्कीस हा रोग देऊ शकते, आणि टर्कीचा काळडोके नावाचा दुसरा घातक रोगही कोंबड्यांच्याच सहवासातून येतो.

सांध्यांचा रोग

सिनोव्ही जंतूमुळे घोट्याचा सांधा व पंजाचा तळवा सुजतो, तुरा फिका पडतो, पक्षी लंगडतो व बसून राहतो. काही वेळा लक्षण केवळ अंड्यात दिसते. अंड्याच्या एका टोकाचे कवच पातळ, खडबडीत व काचेसारखे अर्धपारदर्शक होते आणि तेथेच फुटते. चुनखडीचे प्रमाण योग्य ठेवूनही अशी अंडी येत राहिल्यास या जंतूची शंका घ्यावी.

इतर रोगांपासून फरक

घरघर ऐकली की मायकोप्लाझ्माच, असा निष्कर्ष काढू नये. पुढील भेद ध्यानात ठेवावेत.

राणीखेत अथवा मानमोडी : एकाएकी पुष्कळ मृत्यू, हिरवी हगवण, मान मुरगळणे, पाय-पंख लुळे पडणे.

संसर्गजन्य सर्दी : एक ते तीन दिवसांत साऱ्या खुराड्यात पसरते, चेहरा सुजतो व नाकाच्या स्रावास दुर्गंधी येते.

संसर्गजन्य श्वासनलिकादाह : प्रसार फार जलद, अंडी वेडीवाकडी, कवच मऊ, पांढरा बलक पाण्यासारखा.

ओली देवी : तोंडात व घशात पिवळे चट्टे; ते ओरबाडल्यास रक्त येते.

बुरशीचा फुप्फुसरोग : लहान पिले तोंड उघडून धापा टाकतात, परंतु घरघर सहसा नसते, कारण बहुधा बुरसटलेले तूस किंवा तणस.

अ जीवनसत्त्वाची उणीव : डोळे चिकटतात, घशात पांढऱ्या पुटकुळ्या येतात, हिरवा चारा न मिळणाऱ्या पक्ष्यांत आढळते.

बर्ड फ्लू : मृत्यूंची संख्या अचानक वाढते, तुरा व गलोल निळे पडतात. भारतात या रोगाची पहिली नोंद २००६ सालच्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे झाली. शंका येताच पक्ष्यांस हात न लावता तत्काळ पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे.

निदान

खात्रीचे निदान रक्ताच्या तपासणीवरून होते. पांढऱ्या फरशीवर पक्ष्याच्या रक्तद्रवाचा एक थेंब व रंगीत प्रतिजनाचा एक थेंब मिसळतात. दोन मिनिटांत गुठळ्या दिसल्यास संसर्गाची शक्यता समजतात. ही चाचणी कळपासाठी आहे. एकाच पक्ष्याच्या निकालावरून निर्णय घेऊ नये. नुकतीच लस टोचली असल्यास कधी कधी खोटा निकाल येतो. म्हणून प्रयोगशाळेत पुढील चाचण्या करून खात्री करतात. घशातील बोळ्याच्या नमुन्यातून जंतूचा जनुकीय शोधही घेता येतो. परंतु आधीच प्रतिजैविक पाजले असल्यास जंतू सापडणे कठीण होते. नमुना प्रथम, औषध नंतर, हा नियम पाळावा.

औषधोपचार व त्याची मर्यादा

टायलोसिन, टेट्रासायक्लिन वर्गातील औषधे व टायम्युलिन यांचा या रोगात उपयोग होतो. ती पशुवैद्यकाच्या चिठ्ठीवाचून देऊ नयेत. कारणे अशी :

एक, औषधाने लक्षणे थांबतात, अंडी काही अंशी सुधारतात, अंड्यांतून होणारा प्रसार कमी होतो. परंतु कळपातून जंतू समूळ नाहीसा होत नाही. औषध बंद झाल्यावर, थंडी पडताच, घरघर पुन्हा सुरू होऊ शकते.

दोन, अपुरी मात्रा वारंवार दिल्यास जंतू औषधास दाद देईनासे होतात. माणसाच्या कॅप्सूल फोडून पाण्यात टाकण्याची रीत काही ठिकाणी आहे. ती सर्वथा सोडावी.

तीन, टायम्युलिन हे मोनेन्सिन, सॅलिनोमायसिन अथवा नारासिन या रक्ती हगवणीच्या औषधांबरोबर पोटात गेल्यास पक्षी मरतात. तयार खाद्यात ही औषधे पुष्कळदा असतात. खाद्याच्या पोत्यावरील चिठ्ठी पशुवैद्यकास दाखविल्यावाचून टायम्युलिन देऊ नये.

चार, औषधाचा अंश अंड्यांत व मांसात उतरतो. औषधावर लिहिलेला प्रतीक्षाकाळ संपेपर्यंत अंडी व मांस खाऊ अथवा विकू नये.

औषधाबरोबर शुश्रूषाही करावी. पक्षी उबदार पण मोकळ्या हवेत ठेवावेत, पाणी ताजे द्यावे, हिरवा पाला द्यावा, गर्दी कमी करावी. या जंतूमुळे माणसास रोग होत नाही. तेव्हा त्या भीतीने पक्ष्यांची सेवा टाळण्याचे कारण नाही.

लसीकरणासंबंधी सूचना

मायकोप्लाझ्माच्या लसी उपलब्ध आहेत. मृत जंतूंची लस अंड्यांचे नुकसान कमी करते. एफ, ६/८५ व टीएस-११ या जिवंत लसी अनेक देशांत मोठ्या अंडी-प्रक्षेत्रांवर वापरतात. एफ प्रकारची लस टर्कीस अपायकारक आहे. अंगणातील दहा-वीस पक्ष्यांसाठी या लसींची सहसा आवश्यकता नसते.

राणीखेतची लस मात्र प्रत्येक पक्ष्यास हवीच. पहिल्या आठवड्यात डोळ्यात किंवा नाकात थेंब आणि पुढे ६ ते ८ आठवड्यांच्या वयास आर-टू-बी लसीचे इंजेक्शन असा सामान्य क्रम असतो. येथे एक खबरदारी आहे. पक्षी घरघरत असताना जिवंत लस दिल्यास लसीचा ताण व मायकोप्लाझ्मा मिळून त्रास वाढतो, आणि मग ‘लसीनेच कोंबड्या मेल्या’ असा समज गावात पसरतो. म्हणून लस देण्यापूर्वी रात्रीची श्रवणचाचणी करावी व घरघर असल्यास पशुवैद्यकाचा सल्ला घ्यावा.

प्रतिबंध हाच खरा उपाय

अमेरिकेत १९३५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कुक्कुट सुधार योजनेखाली पैदाशीच्या कळपांची रक्ततपासणी करून दूषित कळप वगळण्याचा मार्ग पुढे अवलंबिण्यात आला व तेथील पैदास-कळप मोठ्या प्रमाणावर या रोगापासून मुक्त झाले. औषधाने जे साधले नाही ते स्वच्छ अंड्याने व स्वच्छ पिलाने साधले. आपणही हाच धडा घ्यावयाचा आहे.

१. पिले कोठून घ्यावीत : तपासणी झालेल्या मातृकळपाचीच एकदिवशीय पिले घ्यावीत व विक्रेत्याकडे तसे विचारावे. खुडूक कोंबडीखाली बसविण्यासाठी अंडी निवडताना, ज्या घरात गेल्या वर्षात घरघर झाली त्या घरची अंडी घेऊ नयेत. ती खाण्यास चालतील, उबविण्यास नाही.

२. नवा पक्षी वेगळा : बाजारातून किंवा सोयऱ्यांकडून आलेला पक्षी चार आठवडे वेगळ्या डालीखाली, वेगळ्या भांड्यात ठेवावा. त्याची सेवा सर्वांत शेवटी करावी.

३. एका वयाचे पक्षी एकत्र : लहान पिले मोठ्या कोंबड्यांत सोडू नयेत. रोजच्या कामात प्रथम पिले, मग मोठे पक्षी, शेवटी आजारी पक्षी असा क्रम ठेवावा.

४. तुसाची गादी : आपल्या भागात धानाच्या गिरण्यांमुळे तूस मुबलक मिळते व गादीसाठी ते उत्तम आहे. परंतु उघड्यावर पावसात भिजलेल्या ढिगातील तूस आणू नये; त्यात बुरशी असते. तूस उन्हात वाळवून ५ ते १० सेंटिमीटर जाडीचा थर द्यावा, तो वरचेवर वरखाली करावा, आणि ओला झालेला भाग काढून टाकून तेथे कोरडे तूस व थोडा विरलेला चुना मिसळावा. दुसऱ्या कोंबडीघरातील वापरलेली पोती तुसासाठी घेऊ नयेत.

५. हवा : ओल्या गादीतून अमोनिया वायू निघतो व तो श्वासनलिकेतील रक्षक तंतूंस इजा करतो. कोंबडीघरात खाली वाकून श्वास घ्यावा. आपल्या डोळ्यांस झोंबले तर पक्ष्यांस दिवसरात्र तेच सोसावे लागत आहे हे ओळखावे. कोंबडीघर पूर्व-पश्चिम लांब असावे, बाजूच्या भिंती हातभर उंच ठेवून वर जाळी लावावी. नदीकाठी थंडीत पहाटे धुके व गारठा असतो. तेव्हा पडदे लावावेत, परंतु वरची वीतभर फट उघडी ठेवावी. थंडीच्या भीतीने घर पूर्ण बंद करणे हे घरघरीस आमंत्रण होय.

६. रिकामे घर : जुने पक्षी काढल्यावर गादी बाहेर नेऊन कुजवावी, घर धुऊन चुन्याची सफेदी करावी आणि दोन-तीन आठवडे रिकामे, कोरडे ठेवावे. जंतू बाहेर दुबळा आहे, त्याचा लाभ येथे घ्यावयाचा.

रोग शिरल्यावर काय करावे

प्रश्न कठीण आहे व त्याचे उत्तर आडवळणाने देण्यात अर्थ नाही. बरी झालेली कोंबडीही जंतू बाळगून असते. ती चांगली अंडी देईल, परंतु तिच्या पिलांचा भरवसा नाही. म्हणून अशा कळपाची अंडी उबवू नयेत, त्यात नवीन पक्षी सोडू नयेत, आणि अंडी देणे किफायतशीर असेपर्यंत तो ठेवून, औषधाचा प्रतीक्षाकाळ संपल्यावर घरच्या खाण्यासाठी क्रमाने संपवावा. मग घर रिकामे करून नव्याने प्रारंभ करावा.

आजारी कोंबडी घाईने जिवंत बाजारात विकणे हा मोह मोठा असतो. गरिबाच्या घरी दोनशे-तीनशे रुपये बुडणे ही क्षुल्लक गोष्ट नव्हे, हे खरे. परंतु ती कोंबडी ज्या घरी जाते त्या घरचे खुराडे बुडते, आणि गावातले पक्षी एकाच आळीत चरत असल्यामुळे तोच रोग फिरून आपल्या अंगणात येतो. अंगणातील कोंबड्यांस कुंपण नसते. म्हणून या रोगाचा बंदोबस्त एकट्या घरास साधणारा नाही. साऱ्या आळीने एकत्र ठरविले तरच तो साधेल.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

वर्षाचे काम पुढीलप्रमाणे आखावे. मृगापूर्वी कोरडे तूस साठविण्यास व छपरे शाकारण्यास सांगावे. पावसाळ्यात गादीची ओल तपासावी. दिवाळीपूर्वी बचत गटांच्या बैठकीत नवा पक्षी वेगळा ठेवण्याचा नियम समजावून सांगावा. थंडीत महिन्यातून एकदा आळीतील दोन-चार घरी रात्री श्रवणचाचणी करून दाखवावी. हे काम पोथीने नव्हे, कानाने शिकण्याचे आहे. उन्हाळ्यात घरे रिकामी करून सफेदी करण्याची मोहीम घ्यावी. ज्या घरी रोग आढळेल त्या घराची बदनामी होऊ देऊ नये. तसे झाल्यास पुढच्या वेळी कोणी रोग सांगणार नाही व तो लपून वाढेल. एका घरी जाऊन आल्यावर हातपाय व पादत्राणे धुतल्यावाचून दुसऱ्या कोंबडीघरात जाऊ नये. रोगाचा प्रसार कार्यकर्त्यानेच केला असे होऊ नये.

उजळणीसाठी प्रश्न

१. या रोगात पेनिसिलिन निरुपयोगी का ठरते?
२. बरी झालेल्या कोंबडीची अंडी खाण्यास चालतात, पण उबविण्यास का चालत नाहीत?
३. रात्रीची श्रवणचाचणी कशी करावी व लस देण्यापूर्वी ती का करावी?
४. धानाचे तूस गादीसाठी वापरताना कोणती खबरदारी घ्यावी?
५. कोंबड्या व टर्की वेगवेगळे ठेवण्याची दोन कारणे सांगा.
६. आजारी कोंबडी बाजारात विकल्याने विकणाऱ्याचेच नुकसान कसे होते?